घुमटात ठेवलेली चाल

अब्दलगनीला यातून काय मिळणार होतं, ते आधी मांडून घेऊ. पाच जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या, समारंभात पुढच्या रांगेत खुर्ची. आमच्या गल्लीच्या तोंडावर संगमरवरी पाटी आणि तिच्यावर बापाचं नाव. वर्तमानपत्रात एखादा फोटो, बायकोच्या माहेरी दाखवायला. एवढं तो बोलून दाखवायचा. जे बोलायचा नाही ते निराळं होतं. त्याचा बाप लारबी मरून बरीच वर्षं झाली होती, पण गल्लीतले म्हातारे कबरस्तानातून जाताना त्याच्या कबरीपाशी मेलेल्यासाठीचा फातिहा म्हणत नसत. शेजारच्या कबरीपाशी हात उघडायचे, लारबीपाशी आले की मिटायचे. अब्दलगनीला ते उघडलेले हात हवे होते. खुर्ची, पाटी आणि फोटो ही वरकमाई.

मला हे ठाऊक आहे, कारण अल्जियर्सच्या कसब्यात, तुरुंगाच्या टेकडीखाली, बायकांच्या हम्मामच्या दाराशी मी बसते. माझी आईही तिथेच बसायची. आंघोळीला आलेली बाई कपड्यांबरोबर तोंडही सैल सोडते. कुणाची सून कुणाशी बोलत नाही, कोण कुणाची पाठ घासायला नाही म्हणते, हे मला विचारावं लागत नाही.

आमच्या गरम खोलीचा घुमटही माझ्यासारखाच, कान देऊन बसलेला. आवाज सगळ्याच घुमटांत घुमतो. आमचा ठेवून घेतो. आज बोललेलं आजच परत देईल याचा भरवसा नाही. एकदा एका नवरीच्या मावशीने नवरदेवाच्या दातांबद्दल काहीतरी म्हटलं. दोन दिवसांनी त्याची आई एकटी बसून केस धूत होती, तेव्हा ते वरून जसंच्या तसं उतरलं. लग्न झालं, पण मावशीला जेवायला बोलावलं नाही. तेव्हापासून महत्त्वाचं काही असलं की बायका थंड खोलीत येऊन बोलतात.

राष्ट्रगीत आज ज्या चालीवर गातात ती सगळ्यांना येते. शाळेत मुलं ताठ उभी राहून गातात, फुटबॉलच्या मॅचआधी खेळाडू छातीवर हात ठेवून ओठ हलवतात. त्या चालीबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात आमच्या गल्लीत तेच शब्द दुसऱ्या चालीवर गायले जायचे, आणि ती चाल लारबीची, असं अब्दलगनीचं म्हणणं होतं. लारबी लग्नांत मँडोल वाजवून गायचा. फ्रेंचांनी त्याला पकडून मृत्युदंड दिला आणि वरच्या तुरुंगात ठेवलं. आत वाद्य नाही, कागद नाही. कुणीतरी शब्द पाठ करून आणलेले, त्यांना त्याने भिंतीतून पलीकडे जाईल अशी चाल बसवली. खालच्या पट्टीत, आणि प्रत्येक ओळीचा शेवट लांब ओढलेला, म्हणजे पुढच्या कोठडीला ती उचलायला वेळ मिळावा.

ती उचलायची वेळ पहाटेची असे. ज्याला मारायला न्यायचं, तो कोठडीबाहेर पडताना पहिली ओळ एकटा म्हणायचा. मग एकेक कोठडी मागे यायची. खाली आमच्या बायका गच्च्यांवर उभ्या असायच्या. पहिल्या ओळीच्या आवाजावरून आज कोण चाललाय ते ओळखायच्या. गाणं एका ठिकाणी तुटायचं. ते तुटलं की बायका झग्रीत घालायच्या. नवरी घराबाहेर पडताना जीभ थरथरवून जी लांब, उंच किलकारी मारतात, तीच. रडायचं नाही असं ठरलेलं होतं. आपलं रडू वर ऐकू जायला नको. शिवाय ज्याची झग्रीत राहून गेली तो अर्धाच गेला, असंही म्हणायच्या.

चाल खाली आणली ती भेटीला जाणाऱ्या बायकांनी, आणि शिकवली आमच्या गरम खोलीत, तांब्यांच्या खणखणाटाखाली. बायकांच्या वेळेत शिपाई आत शिरत नसत. मी तेव्हा आईच्या मांडीएवढी होते. वाफेत बसलेल्या त्या बायका आठवतात, ओठ फारसे न हलवता गाणाऱ्या. त्यांतली सगळ्यांत उंच आवाजाची होती लल्ला खदाऊज; लल्ला आम्ही मोठ्या बाईला मानाने म्हणतो. तिचा धाकटा भाऊ महफूद लारबीच्याच ओळीतल्या कोठडीत होता, त्याच शिक्षेवर.

एका पहाटे वर गाणं सुरू झालं आणि पहिली ओळ आली लारबीच्या आवाजात. चूक होणं शक्य नव्हतं, अर्ध्या कसब्याच्या लग्नांत तो गायला होता. खदाऊज गच्चीवर होती. आज आपला भाऊ नाही, हे तिला कळलं. गाणं तुटल्यावर तिने झग्रीत घातली ती अशी, की शेजारणींनी वळून पाहिलं. सुटकेची होती ती. दुपारी तुरुंगाच्या दारावर नाव लागलं, ते महफूदचं.

आणि लारबी जिवंत. पुढे युद्ध संपलं तेव्हा तो चालत घरी आला.

खदाऊजने हिशेब मांडला तो आमच्या गल्लीतली कोणतीही बाई मांडेल तसाच: पहिली ओळ म्हणतो तो जातो. म्हणजे जायचं होतं लारबीला. गेला माझा भाऊ. मधल्या मधे काहीतरी देवाणघेवाण झाली. ती मोठ्याने कधी बोलली नाही, पण कुजबुजली, आणि कुजबुजीला आमच्या अरुंद गल्ल्या पुरतात. लारबीच्या सलामाला उत्तर मिळेनासं झालं. त्यानेही पुन्हा मँडोलला हात लावला नाही, तोंड उघडून गायला नाही. कधी दारात बसला की ओठ मिटून नुसता गुणगुणायचा. लोक म्हणाले, बघा, स्वतःचंच तोंड त्याला उघडवत नाही.

स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत आली तेव्हा युद्धातल्या, विस्मरणात गेलेल्या जागांवर पाट्या लावायला एक समिती नेमली गेली. अब्दलगनीने अर्ज केला. समिती म्हणाली, चाल कुठे आहे? ती तेव्हा शिकलेलं आणि अजून पुरती गाता येणारं माणूस आणा. असं माणूस एकच उरलं होतं. ते दर गुरुवारी माझ्या हम्मामात यायचं.

अब्दलगनी भूगोलाचा मास्तर. दाराशी आला आणि पुरुषांनी उभं राहावं तसा, पाठ फिरवून, रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला.

"लल्ला यमीना, एक शब्द टाकाल का माझ्यासाठी?"

आतून तासादित, आमची अंग घासणारी, हातातला खरखरीत मोजा झटकत आली. "कोण, अब्दलगनी? वळ की इकडे. लहानपणी आईचं बोट धरून इथेच यायचास ना. माझ्या आईने तुला हाकललं, पोरगं फार निरखायला लागलंय म्हणून."

"तासादित, मास्तर आहे तो आता," मी म्हटलं.

"मग भूगोल इथेच शिकला म्हणायचा."

त्याची मान लाल झाली, पण तो हलला नाही. यावरूनच मी ओळखलं की गरज मोठी आहे. "खदाऊजबाई माझ्याशी बोलत नाहीत," तो म्हणाला. "आईशीही बोलल्या नाहीत कधी. तुम्ही बोला. फक्त चाल म्हणून दाखवायची. बाकी काही नको."

"बाकीचंच तर सगळं आहे," मी म्हटलं. "तुझ्या बापाने तुला कधी काही सांगितलं होतं, त्या पहाटेचं?"

"विचारलं होतं मी. एकदाच." तो रस्त्याकडेच बघत होता. "म्हणाले, आत आमचा एक नियम होता. कोण न गाता गेला, हे बाहेर आल्यावर त्याच्या घरच्यांना सांगायचं नाही. मी म्हटलं, याचा इथे काय संबंध? तर पुन्हा गुणगुणायला लागले."

तो गेल्यावर तासादित म्हणाली, "सरळ नाही म्हणायचं होतंस. तिला त्या गाण्याचं नाव काढलेलं चालत नाही. आपल्यालाच सोडून दुसऱ्या हम्मामात जाईल."

पण लल्ला खदाऊजने नाही म्हटलं नाही. केसांना माती लावून बसली होती. डोळे मिटूनच ऐकलं. मग म्हणाली, "म्हणेन. पण इथे. घरी ती माझ्याजवळ नाही, इथेच सोडून गेले होते मी. आणि त्याला सांग, गाऊन झालं की त्याच यंत्रात मी त्याच्या बापाचं काय ते सांगणार. जे निघेल ते सगळं समितीला द्यायचं, आणि जे खरं निघेल ते पाटीवर. एक शब्द गाळायचा नाही. बापाच्या कबरीवर हात ठेवून शपथ घ्यायला सांग त्याला."

मला वाटलं होतं अब्दलगनी मागे सरेल. चाल मिळवायची तर बदनामीही त्याच टेपवर भरून न्यायची, हा तोट्याचा सौदा होता. तो सकाळी कबरस्तानात जाऊन आला, तळव्याला माती होती. "घेतली शपथ," म्हणाला. "निदान एकदा समोरासमोर तरी होऊ दे."

हम्माम आठवड्यातून एक दिवस भट्टी साफ करायला बंद असतो. तो दिवस ठरला. भर दुपार होती. भट्टीवाला काम उरकून गावी गेला होता. गरम खोली नुसती कोमट होती, आणि वाफ नसल्यामुळे तिच्या भिंती उघड्या पडल्यासारख्या दिसत होत्या. घुमटातल्या काचांमधून उन्हाच्या गोल चकत्या फरशीवर पडल्या होत्या. कुंड्यांत थोडं थोडं पाणी. वरून कुठूनतरी थेंब पडत होते, ते नेहमीच पडतात.

अब्दलगनी पुरुष, म्हणून त्याला थंड खोलीत पडद्यापलीकडे बसवला. टेपरेकॉर्डर त्याने मला दाखवून दिला होता. मी तो मधल्या ओट्यावर ठेवला आणि बटण दाबलं. आत आम्ही तिघीच होतो. लल्ला खदाऊज अंगावर शाल घेऊन कुंडीजवळच्या तिच्या नेहमीच्या जागी बसली. तासादित भिंतीला टेकली.

"मास्तर, जागा आहेस ना?" खदाऊजने विचारलं. महफूद गेल्यानंतर त्या घरातल्या माणसाशी बोललेलं तिचं ते पहिलं वाक्य.

"आहे, लल्ला," पडद्यापलीकडून आवाज आला.

"मग ऐक. तुझ्या बापाची."

ती गायली. आवाज खालून फाटला होता, वरून शाबूत. शब्द आपलेच, रोजचे, शाळेतले. पण त्या चालीत ते ओळखीचे वाटेनात, घरातलं माणूस परक्या कपड्यांत दारात उभं राहावं तसे. प्रत्येक ओळीच्या शेवटी ती लांब ओढायची आणि थांबायची, कुणीतरी उचलेल म्हणून. कुणी उचलत नव्हतं. जिथे तुटायचं तिथे तिने तोडलं.

घुमटाने काहीच परत दिलं नाही. साधा खोकला घुमवणारा घुमट, एवढं गाणं गिळून गप्प.

"झोपला वाटतं," तासादित पुटपुटली. तिचा तो शब्दही वर गेला आणि परतला नाही.

मग माझ्या लक्षात आलं की थेंब पडायचे थांबले आहेत.

आधी मला वाटलं भट्टीवाला परत आलाय आणि खाली काहीतरी करतोय. भिंतीच्या आतून गुणगुण येत होती. तोंड बंद ठेवून, नाकातून काढलेली. नुसतं तोंड मिटलेलं नव्हतं, त्या आवाजाला कापडाचा अडसर होता. ओलं फडकं दातांमध्ये कोंबलं की आवाज जसा घशातच फिरतो, तसा. पण चाल होती. पहिल्या ओळीची, नेमकी. गुणगुण ओळीच्या मध्याशी आली आणि तिच्यावर दुसरा आवाज चढला. उघडा, गोड, भरदार. माझ्या मावशीच्या लग्नात मी तो ऐकला होता, आईच्या मांडीवर बसून.

पडद्यापलीकडे खुर्ची पडली.

लारबी पहिली ओळ गात होता. ती संपता संपता डाव्या भिंतीतून एक आवाज मागे आला, मग उजवीकडून, मग पायाखालून. एकेक कोठडी. मी मोजले नाहीत. कुंड्यांतलं पाणी थरथरत होतं, उन्हाच्या चकत्याही थरथरल्यासारख्या वाटत होत्या. जिथे तुटायचं तिथे सगळे आवाज एकदम थांबले. गेले नाहीत. श्वास रोखून उभे राहिले. शंभर माणसांच्या खोलीत सगळ्यांनी बोलणं थांबवलं की कळतं ना, माणसं आहेत म्हणून, तसं कळत होतं.

ते वाट बघत होते.

बऱ्याच वेळाने गुणगुण पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

"यमीना," लल्ला खदाऊज अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तो मधेच नाक ओढतोय. ऐक."

ऐकू येत होतं. ओळीच्या मध्ये एक ओला, घाईचा श्वास.

"महफूदचं नाक लहानपणापासून चोंदायचं. आई गरम तेल सोडायची. गाताना तो हे असंच करायचा, आम्ही हसायचो त्याला." ती वर बघत होती. "तोंड बांधलंय त्याचं."

पुन्हा लारबीचा आवाज चढला, त्या गुणगुणीला अंगाखाली घेतल्यासारखा, खाली गच्च्यांवर फक्त हाच ऐकू जावा अशा बेताने. पुन्हा कोठड्या उठल्या, पुन्हा सगळं त्या जागी येऊन उभं राहिलं.

तिसऱ्यांदा लारबी आला नाही. कोठड्याही आल्या नाहीत. एकटी गुणगुण पहिली ओळ म्हणाली, दुसरी म्हणाली. प्रत्येक ओळीच्या शेवटी लांब ओढून थांबत होती, आणि उचलायला कुणी नव्हतं. मी आयुष्यात त्याच्याइतकं एकटं काही ऐकलेलं नाही. तासादितने मोज्यात तोंड खुपसलं होतं. चाल तुटायच्या जागी आली आणि तुटली.

लल्ला खदाऊज उठून उभी राहिली. लग्नात धरतात तसा हात ओठांच्या कडेला नेला आणि झग्रीत घातली.

त्या वयाच्या बाईच्या छातीत एवढा श्वास नसतो. ती झग्रीत घुमटाला लागली आणि लांबतच गेली. मला वाटलं काचा फुटणार. यात सुटका नव्हती, आनंद नव्हता, रडणंही नव्हतं. ज्याची त्याला पोचवलेली होती, एवढंच. ती संपली तेव्हा कुंडीत एक थेंब पडला. मग दुसरा.

पडद्यामागून अब्दलगनीचा आवाज आला. "लल्ला, ऐकलंत ना?"

तिने तोंड उघडलं. आवाज निघाला नाही. घसा खाकरला, पुन्हा प्रयत्न केला. शेवटी कुजबुजली, आणि ते मला त्याला सांगावं लागलं: "म्हणतायत, आज ऐकलं. म्हणतायत, पाटीवर दोघांची नावं. महफूदचं वर, तुझ्या बापाचं खाली."

"वर महफूदचं," तो म्हणाला. "शपथ घेतलीय मी."

टेपमध्ये यांतलं काही उतरलं नव्हतं. म्हणजे तिचं गाणं होतं. मग लांबलचक शांतता, तिच्यात तिची दोन-तीन वाक्यं. मग झग्रीत. समितीचं तेवढ्यावर भागलं. त्यांना चाल हवी होती, चाल मिळाली.

लल्ला खदाऊजचा आवाज परत आला नाही. डॉक्टरने घशात बॅटरी मारून पाहिली, म्हणाला काही झालेलं नाही. तशीच, कुजबुजतच, ती घरोघर गेली. जिथे जिथे पहिली कुजबूज पोचवली होती, त्या प्रत्येक दारात. दार उघडणाऱ्याला खाली वाकून तिच्या ओठांशी कान न्यावा लागे. माझ्या भावाच्या तोंडात शिपायांनी बोळा कोंबला होता, ती सांगायची. लारबीने त्याच्यासाठी गायलं, खाली आम्हाला कळू नये म्हणून. आणि बाहेर येऊन मला सांगितलं नाही, त्यांचा नियम होता म्हणून. त्याने माझ्याकडून शिव्या घेतल्या, पण महफूद न गाता गेला हे मला कळू दिलं नाही.

पुढच्या शुक्रवारी म्हातारे लारबीच्या कबरीपाशी थांबले आणि त्यांनी हात उघडले. अब्दलगनी दूर सरूच्या झाडाखाली उभा राहून बघत होता. गोष्ट इथे संपवली असती तर सगळ्यांचं बरं झालं असतं. त्याला जे हवं होतं ते त्याच्या हातात होतं.

पण पाटी अजून व्हायची होती. समितीने सांगितलं, एका पाटीवर एक नाव. चाल लारबीची, तेव्हा नाव लारबीचं. महफूदचं नाव तुरुंगाच्या दाराजवळच्या मोठ्या दगडावर हुतात्म्यांत आहेच की. शिवाय बदल करायचा तर मसुदा पुन्हा वर जाणार आणि पाच जुलै हुकणार. अब्दलगनी मला हे सांगायला आला, पाठ फिरवून उभा.

"पुढच्या वर्षी घालता येईल," तो म्हणाला. "आधी पाटी तर लागू दे."

"तुझी शपथ आहे, माझी नाही," मी म्हटलं.

"लल्लांना तुम्ही समजावून सांगाल ना?"

"तिला काय, ती ओरडू शकणार आहे थोडीच," तासादित आतून म्हणाली. एरवी तो तिच्या बोलण्याने लाजायचा. यावेळी नुसता निघून गेला.

पाटी लागली. पांढरा संगमरवर, हिरवी अक्षरं. लल्ला खदाऊज तिच्यापुढे बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे येऊन बसली आणि माझं मनगट धरून कानाशी आली. "पुन्हा बांधलं त्याचं तोंड," एवढंच म्हणाली. हिवाळा येण्याआधी गेली. जनाजा निघाला तेव्हा पाटीखालून वळला, दुसरा रस्ता नाही.

त्या वर्षीच्या पाच जुलैला, ती होती तेव्हाच, पाटीसमोरच्या चौकात समारंभ झाला. अब्दलगनी पुढच्या रांगेत, नव्या कोटात. बँड वाजला, सगळे उठले, आजच्या चालीवर राष्ट्रगीत सुरू झालं. त्याने गायला तोंड उघडायचा प्रयत्न केला. मी मागे बायकांत होते, मला त्याचा जबडा दिसत होता. ओठ सुटले नाहीत. गळ्याच्या शिरा ताणल्या, डोळ्यांत पाणी आलं, आणि नाकातून गुणगुण बाहेर पडली. बँडबरोबर नव्हती ती. खालच्या पट्टीत, लांब ओढलेली, ओळीच्या मध्ये एक ओला घाईचा श्वास. शेजारच्या साहेबांनी त्याच्याकडे पाहून नाक मुरडलं. त्यांना वाटलं मास्तरला सर्दी झालीय.

गाणं संपलं, ओठ सुटले. वर्गात शिकवतो, घरी भांडतो, सगळं नीट. फक्त ते गीत सुरू झालं की तोंड बंद. शाळेत रोज सकाळी झेंड्यापुढे, रेडिओवर, मॅचआधी. शेवटी त्याने दुसरं नाव घालून घ्यायला खरोखर धावपळ केली, पण तोवर समितीच मोडली होती. कचेरीत सांगतात, पाटी सरकारी आहे, तिला कुणी हात लावायचा नाही.

तर आता बेरीज करते. महफूदने मान दिली, आणि त्यानंतर नाव दिलं. लारबीने आयुष्यभराचे सलाम आणि स्वतःचा गळा. लल्ला खदाऊजने आवाज. माझा घुमट रिकामा झाला. त्याच्यात काही बोललं तर खाली उतरतच नाही. बायका म्हणतात, आत बोलताना दगडाशी बोलल्यासारखं वाटतं, आणि लवकर उरकून निघतात. समितीने एक संगमरवरी तुकडा दिला. आणि अब्दलगनी, ज्याला सगळं मिळालं, तो दरवर्षी पुढच्या रांगेत उभा राहून नाकातून गुणगुणत त्याची किंमत भरतोय.

त्याची गुणगुण जिथे तुटायची तिथे येऊन तुटते, तेव्हा तो हळूच मागे वळून आम्हा बायकांकडे बघतो. एक झग्रीत पडली तर त्याची सुटका होईल, हे त्याला माहीत आहे. आम्हालाही माहीत आहे. आम्ही हात पदराखाली ठेवतो आणि त्याच्या डोक्यावरून पाटीकडे बघतो, जिथे वरची जागा अजून रिकामी आहे.